न गोठणाऱ्या चुंबकाचा शोध



पाणी पुरेसे थंड केले की त्याचा बर्फ होतो. थंडीच्या दिवसांत तूप थिजते, खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. यामागचे कारण शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पदार्थाचे कण उष्णतेमुळे सारखे धावपळ करीत असतात. उष्णता काढून घेतली की धावपळ मंदावते, आणि कण आपापली जागा धरून रांगेत उभे राहतात. रांगेत उभे राहणे म्हणजेच गोठणे.

आता मी जर म्हटले की लोहचुंबकही असाच गोठतो, तर तुम्ही म्हणाल, लोखंड तर आधीच घट्ट, ते आणखी काय गोठणार? पण गोठते, बरं का! लोखंड गोठते ते वेगळे, आणि त्याच्यातले चुंबकत्व गोठते ते वेगळे. आज मला तुम्हाला या दुसऱ्या गोठण्याची हकीकत सांगायची आहे. आणि त्याहीपेक्षा, कितीही थंड केला तरी ज्याचे चुंबकत्व गोठत नाही अशा एका स्फटिकाच्या शोधाची. हा शोध १९७३ साली एका प्रश्नाने सुरू झाला. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. शोध अजून चालूच आहे.

प्रथम गोठणे म्हणजे काय ते पाहू. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने वीसपंचवीस वेळा घासा. ती टाचण्या उचलू लागेल. मग ती चिमट्यात धरून लालभडक होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. सुई तीच, लोखंड तेच, पण टाचणी काही उचलली जात नाही. फ्रान्समधील शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांनी १८९५ साली अशा गोष्टींची पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. लोखंडाचे तपमान सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचे चुंबकत्व हरपते. बर्फाला शून्य अंश, तसे लोखंडाच्या चुंबकत्वाला हे ७७० अंश. त्याच्या वर ते ‘वितळलेले’ असते आणि खाली ‘गोठलेले’.

पण गोठते ते नेमके काय? त्याचे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. १९२५ साली हॉलंडमधील उलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांनी असे मांडले की, अणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू स्वतःभोवती गिरकी घेत असावा असा वागतो, आणि त्यामुळे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. या गुणाला ‘स्पिन’ असे नाव पडले. खरोखरच भोवरा फिरावा तसा इलेक्ट्रॉन फिरतो असे मात्र नव्हे. पण होकायंत्राच्या सुईसारखा एक बारीक बाण आपण मनात धरला तर आजच्यापुरते भागेल. पुढे १९२८ साली जर्मनीच्या हायझेनबर्ग यांनी शेजारशेजारचे हे बाण एकमेकांकडे का ओढले जातात, ते पुंजशास्त्राच्या आधारे सांगितले. लोखंडात शेजाऱ्यांचा कल एकाच दिशेला तोंड करण्याकडे असतो. तपमान उतरले की कोट्यवधी बाण एकदिलाने एका दिशेला वळतात. ते चुंबकत्वाचे गोठणे.

सगळेच पदार्थ मात्र लोखंडासारखे नसतात. कित्येक स्फटिकांत शेजाऱ्यांचा स्वभाव नेमका उलटा असतो. एकाचा बाण वर, तर शेजाऱ्याचा खाली. घरी पाहुणे फार झाले की आपण एकाचे डोके उशाशी आणि दुसऱ्याचे पायथ्याशी असे झोपवतो ना, तसेच. अशा पदार्थात शिस्त असते, पण वरचे आणि खालचे बाण एकमेकांना खोडून काढतात, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला चुंबकत्व मुळीच दिसत नाही. फ्रान्सचे लुई नेएल यांनी १९३० नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण जे बाहेरून दिसत नाही ते आत आहे, हे सिद्ध कसे करायचे? इथे न्यूट्रॉन मदतीला आला. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे तो स्फटिकाच्या आत सहज शिरतो. आणि तो स्वतःही एक बारीकसा चुंबक असल्यामुळे आतल्या बाणांच्या मांडणीप्रमाणे त्याची वाट बदलते. अमेरिकेत ओक रिज येथे शल आणि स्मार्ट यांनी १९४९ साली मँगनीज ऑक्साइड या पदार्थावर न्यूट्रॉनचा झोत सोडला. पदार्थ थंड केल्यावर त्यातून परतणाऱ्या न्यूट्रॉनांच्या नकाशात नव्या खुणा उमटल्या. एक वर, एक खाली ही शिस्त पहिल्यांदा माणसाच्या नजरेत भरली. शल यांना १९९४ साली कॅनडाच्या ब्रॉकहाउस यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक देण्यात आले. याच ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली पी. के. अय्यंगार यांनी काम केले होते, आणि परत आल्यावर मुंबईच्या ट्रॉम्बे येथील अणुकेंद्रात त्यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने पदार्थ पाहण्याची विद्या रुजवली.

येथवर सारे सुरळीत वाटते. पदार्थ थंड करा, बाण शिस्तीत येतील. पण निसर्गात या नियमाला एक नामांकित अपवाद आहे. तो पाण्यासारख्याच एका द्रवाचा आहे. तो द्रव म्हणजे हेलियम. १९०८ साली हॉलंडमधील कामरलिंग ऑनेस यांनी हेलियम वायूचा द्रव केला. सेल्सिअसच्या शून्याखाली सुमारे २७३ अंशांवर थंडीची शेवटची पायरी आहे. तिला निरपेक्ष शून्य म्हणतात. तिच्याखाली तपमान जातच नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली हेलियम या पायरीच्या कितीही जवळ नेले तरी गोठत नाही. त्याला घन करायचे तर हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीसपट दाब द्यावा लागतो. याचे कारण असे की, उष्णता संपली तरी पुंजशास्त्राच्या नियमाने कणांची एक कायमची चुळबुळ शिल्लक राहते. ती काढून घेताच येत नाही.

मग प्रश्न असा, की हेलियमच्या कणांना जी चुळबुळ आहे तीच स्पिनच्या बाणांनाही असेल, तर एखाद्या चुंबकाचे बाणही असेच कधीच न गोठणारे का नसावेत? शास्त्रज्ञ अशा चुंबकाला ‘क्वांटम स्पिन द्रव’ म्हणतात. स्फटिक हातात धरला तर दगडासारखा घट्ट, पण आतले बाण पाण्यासारखे वाहते. बाण एकाच ओळीत एकामागे एक असले तर त्यांना पक्की शिस्त लागत नाही, हे हान्स बेथे यांनी १९३१ साली काढलेल्या गणिताच्या रीतीवरून पुढे दिसून आले होते. पण ओळ म्हणजे दोराच. खरा स्फटिक कापडासारखा पसरलेला असतो किंवा विटांसारखा रचलेला असतो. त्यात प्रत्येकाला शेजारी जास्त, म्हणून शिस्तीचा रेटाही जास्त. तो रेटा मोडायचा कसा?

श्रोत्यांमध्ये जे शिक्षक असतील त्यांनी उद्या वर्गात एक खेळ करून पाहावा. चार मुले चौकोनात उभी करा. नियम एकच: आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी हात वर केला असेल तर आपण खाली ठेवायचा, त्यांचा खाली असेल तर आपण वर करायचा. मुले क्षणात जमवतील. आता तीन मुले त्रिकोणात उभी करा. पहिल्याचा हात वर, दुसऱ्याचा खाली. तिसऱ्याने काय करावे? वर केला तर पहिल्याशी बिघडले, खाली ठेवला तर दुसऱ्याशी. तीन हातांच्या आठ तऱ्हा होतात. त्यांतल्या दोन, म्हणजे सगळे वर किंवा सगळे खाली, उघडच वाईट. उरलेल्या सहाही तऱ्हा सारख्याच बऱ्यावाईट; प्रत्येकीत एक जोडी नाराज राहतेच. बाणांची ही कुचंबणा आहे, आणि तिचे मूळ बाणांत नसून त्रिकोणात आहे. ग्रेगरी वॅनिए यांनी १९५० साली गणिताने दाखवले की, नुसते वर किंवा खाली एवढेच करू शकणारे बाण जर त्रिकोणांच्या जाळीवर बसवले, तर निरपेक्ष शून्यापर्यंत नेले तरी त्यांना शिस्त लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५१ साली, जपानच्या इतिरो स्योझी यांनी आणखी एका जाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे नाव ‘कागोमे’. जपानी भाषेत कागो म्हणजे टोपली आणि मे म्हणजे डोळा. बांबूच्या सैल विणीच्या टोपलीत षट्कोनी भोके असतात आणि प्रत्येक भोकाच्या कडेने लहान त्रिकोण असतात, तीच ही वीण. आपल्याकडे कोंबड्या झाकायच्या डालग्यालाही अशी षट्कोनी वीण तुम्ही पाहिली असेल. या जाळीत प्रत्येक बिंदूला चारच शेजारी असतात आणि त्रिकोण एकमेकांना फक्त कोपऱ्यांत टेकतात. त्यामुळे एका त्रिकोणाने काही तडजोड केली तरी ती शेजारच्या त्रिकोणावर फारशी बांधून राहत नाही. शिस्त मोडायला ही जाळी फार सोयीची. ही टोपली लक्षात ठेवा. ती पुन्हा लागणार आहे.

आता आपल्या हकीकतीत फिलिप अँडरसन यांचा प्रवेश होतो. ते अमेरिकेतले नामवंत सैद्धांतिक शास्त्रज्ञ. १९७३ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. नव्या प्रकारचा विद्युतरोधक असू शकेल का, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते, आणि शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. अँडरसन यांचे म्हणणे आपण फुगडीच्या भाषेत सांगू. त्रिकोणांच्या जाळीवर प्रत्येक जागी एक मुलगी उभी आहे. सगळ्यांनी एका शिस्तीत उभे राहायचे म्हटले तर कुणी ना कुणी नाराज होते. मग असे का करू नये, की प्रत्येकीने कुठल्या तरी एका शेजारणीचे हात धरून फुगडी घालावी? फुगडीतल्या दोघी एकमेकींशी पुरत्या जुळलेल्या. एकीचा बाण वर तर दुसरीचा खाली. पण कोणी कुणाशी फुगडी घालावी याच्या असंख्य तऱ्हा आहेत. पुंजशास्त्राचा नियम असा की, निसर्गाला त्यांतली एकच तऱ्हा निवडावी लागत नाही. त्या सगळ्या तऱ्हा एकाच वेळी मिसळून नांदू शकतात. जोड्या आहेत, पण कायमची जोडी कुणाचीच नाही. हाच तो स्पिनचा द्रव.

या जोड्यांच्या कल्पनेला मुंबईतही एक भक्कम आधार मिळाला होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ साली एका विशिष्ट साखळीचे गणित मांडले. तिच्यात शेजाऱ्याची ओढ असते, आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचीही असते, पण तिच्या निम्मी. अशा साखळीत कमीत कमी ऊर्जेची स्थिती म्हणजे शेजारशेजारच्या दोघादोघांच्या जोड्या, याला अंदाज नव्हे, नेमके गणित आहे. आज जगभरचे विद्यार्थी ‘मजुमदार-घोष साखळी’ म्हणून ते शिकतात. मात्र या साखळीतल्या जोड्या कायमच्या बांधलेल्या असतात. त्या वाहत नाहीत. ती जोड्यांची गोठलेली रांग आहे, द्रव नव्हे. हा फरक ध्यानात असू द्या, कारण पुढे एका मोठ्या वादाचा निकाल याच फरकावर लागला.

अँडरसन यांच्या निबंधाकडे बरीच वर्षे फार थोड्यांचे लक्ष गेले. मग १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत नव्या जातीची अतिसंवाहकता सापडली. १९८७ साली अँडरसन यांनी म्हटले की तिच्या मुळाशी आपल्याच वाहत्या जोड्या असाव्यात. त्या कल्पनेचे गणित त्यांच्याबरोबर पुढे नेणाऱ्यांत भारताचे जी. भास्करन होते. तो खुलासा बरोबर की नाही याबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला; पण स्पिनचा द्रव मात्र एकदम साऱ्यांच्या चर्चेचा विषय झाला.

आणि गंमत पाहा. चर्चा वाढली तसे गणितही काटेकोर झाले, आणि १९८८ पासून पुढच्या काही वर्षांत दिसून आले की अँडरसन यांनी उदाहरण म्हणून जी साधी त्रिकोणी जाळी निवडली होती, तिच्यात द्रव होतच नाही! कोणत्याही दिशेला वळू शकणारे बाण तिथे तडजोड करतात: त्रिकोणातले तिघे एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून उभे राहतात आणि गोठतात. म्हणजे कल्पना मोलाची, पण उदाहरण चुकीचे. विज्ञानात असे होते. म्हणून कुणी कल्पना टाकून दिली नाही. जास्त कुचंबणेची जाळी शोधावी, असे ठरले; आणि सगळ्यांच्या नजरा त्या टोपलीच्या विणीकडे वळल्या.

टोपलीच्या विणीत अणू बसलेला स्फटिक आणायचा कुठून? तो निसर्गानेच करून ठेवला होता. दक्षिण अमेरिकेत चिली देशात तांब्याच्या खाणी आहेत. तिथल्या एका हिरव्या खनिजाचे २००४ साली शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याला ब्रिटिश खनिजतज्ज्ञ हर्बर्ट स्मिथ यांच्यावरून ‘हर्बर्टस्मिथाइट’ असे नाव देण्यात आले. त्यात तांबे, जस्त, क्लोरीन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात. तांब्याचे अणू नेमके कागोमे जाळीत, आणि दोन जाळ्यांच्या मध्ये जस्ताचे अणू. जस्ताला चुंबकत्व नाही, म्हणून एका जाळीची दुसरीला ढवळाढवळ नाही. २००५ साली अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार करण्यात आला. २००७ पर्यंतच्या मोजमापांतून दिसले की, या तांब्याच्या बाणांची एकमेकांवरची ओढ सुमारे २०० अंशांच्या तोलाची आहे; तरीसुद्धा निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या विसाव्या हिश्शाइतके जवळ गेले तरी ते शिस्तीत येत नाहीत. ओढीच्या मानाने चार हजारपट थंडी देऊनही गोठणे नाही!

झाले तर मग, सापडला द्रव! असे तुम्ही म्हणाल. पण इथेच या शोधाची खरी अडचण सुरू होते. ‘गोठले नाही’ हा पुरावा नकाराचा आहे. विहीर चाळीस हात खणली आणि पाणी लागले नाही, एवढ्यावरून तिथे पाणी नाहीच असे कोणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. आणखी पाच हातांवर लागेल, किंवा बाजूला सरकून खणले तर लागेल. त्याचप्रमाणे बाण न गोठण्याची कारणे अनेक असू शकतात. थंडी पुरेशी नसेल. स्फटिकात भेसळ असेल, आणि त्यामुळे शिस्त लागत नसेल. बाण गोठले असतील, पण रांगेत नव्हे तर कसेही, काच जशी वेडीवाकडी घट्ट होते तसे. किंवा मजुमदार-घोष साखळीप्रमाणे जोड्या बांधून बसले असतील. या चारही ठिकाणी वरवर पाहणाऱ्याला एकच दिसते: रांग नाही.

तेव्हा नकाराच्या जोडीला काहीतरी होकाराचा पुरावा हवा. तो कोणता, हे पुन्हा फुगडीवरून सांगता येईल. एक फुगडी सोडवा. दोघी सुट्या झाल्या. आता शेजारची फुगडी सुटते, तिच्यातली एक या सुट्या मुलीचा हात धरते, आणि तिची जोडीदारीण सुटी होते. असे होत होत ‘सुटेपण’ मैदानभर भटकत जाते. आणि एका फुगडीतून सुटलेली दोन सुटेपणे दोन दिशांना निघून जातात. गोठलेल्या चुंबकाला न्यूट्रॉनने धक्का दिला तर एक अखंड लाट उठते आणि मोजमापात तिची रेघ स्पष्ट उमटते. द्रवाला धक्का दिला तर तो धक्का दोन अर्ध्यांत फुटतो आणि रेघेच्या जागी पसरट डाग उमटतो. या अर्ध्यांना ‘स्पिनॉन’ म्हणतात.

हे पाहायला मोठा, एकसंध स्फटिक पाहिजे. एम. आय. टी.च्या मंडळींनी काचेच्या बंद नळीत तो वाढवला. त्याला सुमारे दहा महिने लागले. २०१२ साली त्यांनी त्यावर न्यूट्रॉन सोडल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीक्ष्ण रेघा नव्हत्या, पसरट डाग होता. स्पिनच्या द्रवाच्या बाजूने तोपर्यंत मिळालेला हा फार वजनदार पुरावा. तरीही त्याच मंडळींना आणि इतरांना एक गोष्ट डाचत होती. तांब्याचा आणि जस्ताचा अणू आकाराने जवळजवळ सारखे. त्यामुळे जस्ताच्या जागांपैकी शेकडा पंधराच्या आसपास जागांवर तांबेच जाऊन बसते. हे उपरे बाण आपला वेगळा गोंगाट करतात, आणि अगदी कमी ऊर्जेला ऐकू येते ते द्रवाचे की उपऱ्यांचे, हे वेगळे करणे कठीण होते.

दुसऱ्या पदार्थांची कथाही ऐकण्यासारखी आहे. २००३ साली जपानी शास्त्रज्ञांनी कार्बनयुक्त रेणू आणि तांब्याचे सायनाइड यांच्या एका क्षारात एका अंशाच्या तिसाव्या हिश्शापर्यंत गोठण्याची खूण सापडत नाही असे दाखवले. जवळजवळ अठरा वर्षे तो द्रवाचा एक नमुना म्हणून गणला गेला. २०२१ साली जर्मनीतील स्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह नव्या रीतीने मोजले. त्यांना आढळले की सहा अंशांच्या खाली बाण जोड्या बांधून बसतात, म्हणजे ती जोड्यांची गोठलेली मांडणीच असावी. मुंबईत १९६९ साली गणिताने दाखवलेला फरक बावन्न वर्षांनी प्रयोगशाळेत असा कामाला आला. जपानमध्येच २०१० साली दुसऱ्या एका क्षारातून अतिथंडीतही स्पिनॉन उष्णता वाहून नेतात असे दिसले होते. २०१९ साली इतर दोन गटांनी तेच मोजले, तर त्यांना ती उष्णता सापडली नाही. २०१५ साली चीनमधून यिटर्बियम धातूच्या एका सुंदर स्फटिकाची वार्ता आली. त्यात मॅग्नेशियम आणि गॅलियम या दोघांचे अणू एकाच जातीच्या जागांवर कसेही वाटले गेलेले असतात. अशा विस्कळीतपणानेही द्रवासारखा भास होऊ शकतो, असे दोन-तीन वर्षांतच दाखवण्यात आले. मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनीही परदेशी सहकाऱ्यांसह २०१२ साली बेरियम, इरिडियम आणि टायटॅनियम यांच्या एका ऑक्साइडात असे द्रवासारखे वागणे नोंदवले आहे.

आणखी एक वाट निघाली ती मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीची. रशियात शिकलेले आणि अमेरिकेत काम करणारे अलेक्सेई किताएव यांनी २००६ साली तिच्यावरचे असे एक गणित मांडले की ज्यात द्रव निश्चित होतो. तिथे अंदाजाला जागाच नाही. रुथेनियम क्लोराइड हा काळा, पापुद्र्यांचा स्फटिक त्या गणिताच्या जवळ जातो. तो सात अंशांच्या आसपास गोठतो खरा. पण जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवला की ती शिस्त मोडते. २०१८ साली जपानमधील क्योतो येथील प्रयोगात अशा अवस्थेत किताएव यांच्या गणिताला जुळणारा उष्णतेचा आकडा मिळाला. मात्र सर्व प्रयोगशाळांना तो तसाच मिळाला नाही, आणि वाद उभा राहिला.

२०२१ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे वेगळाच मार्ग धरला गेला. लेसरच्या प्रकाशाने २१९ अणू एकेक करून टोपलीच्या विणीवर बसवण्यात आले आणि त्यांच्यात स्पिनच्या द्रवाच्या खुणा पाहण्यात आल्या. असा द्रव असू शकतो, या विश्वासाला त्यामुळे मोठे बळ आले. पण हे माणसाने मुद्दाम मांडलेले अणू. दगडासारखा हातात घेता येणारा, जमिनीत किंवा भट्टीत तयार झालेला, आणि ज्याबद्दल कुणाचेच दुमत नाही असा स्फटिक मात्र अद्याप कुणाच्या हाती लागलेला नाही.

मग इतका खटाटोप कशासाठी? एक उत्तर व्यवहाराचे आहे. किताएव यांनीच दाखवले आहे की, अशा द्रवात माहिती एका जागी न ठेवता साऱ्या पदार्थभर विखरून ठेवता येईल. त्यामुळे एखाद्या ठिकाणच्या धक्क्याने ती पुसली जाणार नाही. पुढच्या काळातल्या गणकयंत्रांना त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे. पण ती आशाच आहे, हेही सांगितले पाहिजे. दुसरे उत्तर मला जास्त मोलाचे वाटते. थंड केले की सारे काही शिस्तीत येते, हा आपला फार जुना समज. तो सर्वत्र खरा आहे की नाही, हे निसर्गालाच विचारून घ्यायचे आहे.

आणि हे विचारण्याची रीत कशी, ते या इतिहासातून शिकण्यासारखे आहे. ‘आहे’ हे दाखवायला एक उदाहरण पुरते. ‘नाही’ हे दाखवायला मात्र संशयाची एकेक वाट स्वतःच बंद करीत जावे लागते. अठरा वर्षे ज्या क्षाराकडे जगाने बोट दाखवले, त्याची पुन्हा तपासणी करणारे काही त्या शोधाचे वैरी नव्हते. तेही त्याच द्रवाच्या शोधात होते. एकेक नमुना गळत गेला. म्हणून शोध फसला असे नव्हे. प्रत्येक वेळी एक फसवी वाट कळली, आणि पुढच्याने ती टाळली. आज एखादा संशोधक नवा स्फटिक घेऊन आला, तर त्याला कोणते प्रश्न विचारायचे हे ठाऊक आहे: भेसळ किती? कुठले अणू कुठे बसले? जोड्या बांधल्या आहेत की वाहत्या? १९७३ साली हे प्रश्न कुणाला सुचलेही नसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तीन मुलांचा तो खेळ वर्गात जरूर करा. तिसऱ्या मुलाने हात वर करावा की खाली, यावर मुले भांडतील, भांडू द्या. मग त्यांना सांगा की याच भांडणाचा शेवट निसर्ग कसा करतो, हे शोधायला जगातले शास्त्रज्ञ पन्नासाहून अधिक वर्षे झटत आहेत, आणि अँडरसन यांच्या निबंधाच्या शीर्षकातले ते प्रश्नचिन्ह अजून पुसले गेलेले नाही. पुस्तकात ज्यांची उत्तरे छापलेली आहेत असे प्रश्न मुलांना रोज भेटतात. ज्याचे उत्तर अजून छापले गेलेले नाही, असाही एखादा प्रश्न त्यांना भेटू द्या.